शेवटून दुसरा मारेकरी

शुझो कुमेदा यांच्या अंगी एक दुर्मीळ गुण होता. पण तो कोणाच्या ध्यानात आलेला नव्हता, कारण ध्यानात न येणे हाच तो गुण. क्योतोच्या पाणीपुरवठा कचेरीच्या वार्षिक छायाचित्रात ते दर वर्षी उभे असत, आणि दर वर्षी छायाचित्र हातात आल्यावर कोणीतरी म्हणे, "यंदा कुमेदा आले नव्हते वाटतं?" शेवयांच्या दुकानात त्यांच्यामागून आलेली माणसे वाडगे रिकामे करून, दात कोरून निघून जात, तरी यांच्यापुढे वाडगा येत नसे. ते हाकही मारीत नसत. हाक मारली तर दुकानदाराला आपल्या विसरण्याची लाज वाटेल, या विचाराने ते भिंतीवरची दिनदर्शिका दोनदा वाचत आणि उपाशीच उठत. मेपलचे एखादे पान गळते तेव्हा ते झाडालाही कळत नाही म्हणतात. कुमेदांचे येणे-जाणे त्या जातीचे होते.

त्यातून ते घरजावई. क्योतोच्या उझुमासा भागातल्या एका अरुंद गल्लीतले घर सासऱ्यांचे, दारावरची पाटी सासऱ्यांच्या नावाची, आणि कुमेदा हे आडनावसुद्धा लग्नात सासऱ्यांकडूनच मिळालेले. लग्नानंतरच्या पहिल्या संध्याकाळी कचेरीतून परतताना उंबरठ्यावर त्यांना एक प्रश्न पडला. आपल्या घरी शिरताना माणूस "आलो" म्हणतो. परक्या घरी शिरताना "आत येतोय, त्रासाबद्दल माफी असावी" असे म्हणतो. आपण काय म्हणावे? संकोचाच्या भरात ते दुसरे वाक्य बोलून गेले. आतून कोणी काही म्हटले नाही. सोयीसाठी म्हणून मारलेली खुंटी जशी घरात कायमची होऊन बसते, तसे ते वाक्य मग बसले ते बसलेच. रोज संध्याकाळी दार सरके, माफीचे ते वाक्य पुटपुटले जाई, जोडे निघत, आणि कुमेदा गुडघे टेकून त्या जोड्यांची तोंडे दाराकडे फिरवून ठेवीत. उजवा जोडा डाव्याच्या किंचित पुढे राहिला तर त्याला अंगठ्याने हलकेच मागे सारीत. जोड्यांनीदेखील या घरात पुढे पुढे करू नये, असा त्यात भाव असावा.

सासरे गिहेई यांनी उभे आयुष्य निशिजिनच्या विणकर पेठेत हातमागावर किमोनोचे रेशमी पट्टे विणण्यात घालवले होते. आता त्यांना उद्योग एकच उरला होता, तो म्हणजे दर रविवारी तलवारीचे चित्रपट पाहणे. "माणूस पडद्यावर आला की वारा सुटला पाहिजे," असे त्यांचे मत होते. जावयाविषयीही त्यांचे मत होते, आणि ते दारूच्या दुसऱ्या पेल्यानंतर कोणालाही ऐकायला मिळे. "वाईट नाही हो माणूस. पण खोलीत शिरला तर दिव्याची वातसुद्धा हलत नाही." परक्यांपुढे ते त्यांचा उल्लेख 'सायोचा नवरा' असा करीत. सायो ही त्यांची एकुलती एक मुलगी असल्यामुळे या वर्णनात संदिग्धता नव्हती. पण त्यात एक प्रकारचे अंतर होते, आणि ते कुमेदांना रोज पाठ होत असे.

तर त्या वर्षी, म्हणजे जिकडे तिकडे निंजांच्या चित्रपटांचे पेव फुटले होते त्या वर्षी, उझुमासाच्या एका स्टुडिओने एवढे पाणी वापरले की पाणीपुरवठा कचेरीला गळतीची शंका आली. तपासायला कुमेदांना धाडण्यात आले. स्टुडिओत किल्ल्याचा खंदक बांधला होता आणि तो सिमेंटच्या एका भेगेतून इमानेइतबारे गळत होता. ही भेग दाखवण्यासाठी कोणाला तरी हाक मारणे आवश्यक होते, म्हणून कुमेदा एका कोपऱ्यात उभे राहून कोणी मोकळे होण्याची वाट पाहू लागले. तेवढ्यात हाचिया नावाचा सहायक दिग्दर्शक घाईघाईने आला, अंगातला कोट काढून त्याने तो कुमेदांच्या खांद्यावर अडकवला आणि तो निघून गेला.

चित्रणाचा एक टप्पा संपल्यावर तो कोट घ्यायला परतला, तेव्हा खुंटी त्याच्याकडे पाहून वाकली.

"तुम्ही इथे कधीपासून आहात?" हाचियाने छातीवर हात ठेवून विचारले.

"आपण कोट अडकवलात त्याच्या थोडं आधीपासून," कुमेदा म्हणाले, आणि त्रासाबद्दल त्यांनी माफी मागितली.

हाचियाने त्यांना मनगटाला धरून थेट दिग्दर्शकापुढे उभे केले. हा दिग्दर्शक काही आठवड्यांपासून एकाच दुःखाने वाळत चालला होता. "मी हेर मागतो," तो ज्याला त्याला सांगे, "आणि तुम्ही मला नट आणून देता. नट म्हणजे दिसण्याची खाज सुटलेला प्राणी. तोंडाला काळं फडकं बांधलं तरी तो भुवयांनी अभिनय करतो." त्याने कुमेदांना पाहिले, म्हणजे दुसऱ्या खेपेला पाहिले, आणि त्याचे डोळे भरून आले. सरदाराच्या खुनाच्या प्रसंगात सात मारेकरी होते. त्यात शेवटून दुसऱ्याची जागा कुमेदांना देण्यात आली. सर्वांच्या मागोमाग महालात शिरायचे आणि खून होताच दिवा फुंकायचा, एवढेच काम.

कुमेदा नाही म्हणाले नाहीत, कारण ते त्यांना कधी जमलेच नव्हते. पण एवढेच कारण नव्हते. खंदकाच्या गळतीची टाचणे खिशात घालून परत येताना, रुळांवरून मंद हेलकावणाऱ्या ट्रॅममध्ये त्यांनी स्वतःशी फार हळू आवाजात एक गोष्ट कबूल केली. सासरे दर रविवारी चित्रपटाला जातात. एखाद्या रविवारी ते पडद्याकडे पाहतील आणि तिथे आपण असू. वारा सुटला नाही तरी चालेल. पण एकदा तरी त्यांनी आपल्याकडे पाहावे.

जेवताना त्यांनी ही बातमी सांगितली. सायोच्या हातातला भाताचा डाव थबकला. गिहेईंनी लोणच्याची फोड चावून पुरी केली.

"तोंड झाकलेलं असणार ना, जावईबापू?"

"हो."

"आणि बाकीच्या सहांचंही?"

"हो."

"मग आम्ही ओळखायचं कसं?"

कुमेदांनी वाडगा उचलला. ते सूप प्यायले.

सरकारी नोकराला बाहेर काम करायचे तर वरिष्ठांची परवानगी लागते. विभागप्रमुख अकुत्सु यांनी अर्ज वाचला. 'कामाचे स्वरूप' या रकान्यात कुमेदांनी प्रामाणिकपणे 'हत्या (सामुदायिक)' असे लिहिले होते. त्यावर अकुत्सुंनी काही आक्षेप घेतला नाही. ते हत्येच्या बाबतीत उदार होते. पण सावधपणा म्हणून त्यांनी पटकथा मागवली, ती रात्रीत वाचून काढली, आणि सकाळी ते पांढऱ्याफटक चेहऱ्याने कचेरीत आले. पटकथेच्या मध्यावर हेच सात हेर किल्ल्याच्या विहिरीत विष कालवत होते.

"कुमेदा," अकुत्सु हलक्या आवाजात म्हणाले, "आपण पाणीपुरवठा आहोत."

कुमेदांना परिस्थितीचे गांभीर्य तत्काळ कळले. उद्या एखाद्या नागरिकाने पडद्यावर पाणीपुरवठ्याचा मनुष्य विहिरीत विष टाकताना ओळखला तर? तोंड झाकलेले असेल हा बचाव अकुत्सुंना पटला नाही. तोंड झाकून विष टाकणे त्यांना अधिकच गैर वाटले. प्रकरण त्यांच्या वरिष्ठांकडे गेले, तिथून जलशुद्धीकरणाच्या तज्ज्ञाचे मत मागवण्यात आले. पटकथेतल्या विषाने एवढ्या पाण्यात फार तर पोट बिघडेल, असा अभिप्राय त्याने दिला. त्यामुळे लेखकाची अब्रू गेली पण कुमेदांचे काम झाले नाही. शेवटी एक बैठक झाली आणि तीत तोडगा निघाला. कुमेदा यांना हत्या करण्यास हरकत नाही. मात्र त्यांनी पाण्याला हात लावू नये. दिग्दर्शकाने हे कागद वाचून काही वेळ आकाशाकडे पाहिले आणि विहिरीच्या प्रसंगात सहाच हेर घेतले.

इकडे गल्लीत बातमी पसरली होती. घरोघर फिरणाऱ्या सूचनांच्या फळीवर, गटार साफ करण्याच्या तारखेखाली कोणीतरी तीही लिहून टाकली होती, आणि ज्या माणसाला कोणी पाहत नसे त्याला आता जो तो थांबवून सल्ला देऊ लागला. कोपऱ्यावर तोफू विकणाऱ्या ओरिकुकाकूंनी सांगितले की निंजाने कांदा, लसूण वर्ज्य करावे, वासावरून शत्रू ओळखतो; आणि प्रथिनांसाठी रोज तोफू घ्यावा, शक्यतो त्यांच्याकडचा. त्यांच्या नवऱ्याचे म्हणणे असे की भिंतीवर चढायचे तर पोट रिकामे हवे. कुमेदा दोघांचेही ऐकत. म्हणजे तोफू विकत घेत आणि खात नसत.

पण खरा जाच सुरू झाला तो गल्लीच्या सार्वजनिक न्हाणीघरात. तिथे रोज संध्याकाळी निवृत्त शिक्षक सुगेनुमा मास्तर गळ्यापर्यंत कढत पाण्यात बसून इतिहासावर बोलत. त्यांचे पूर्वज कोगा प्रांतातले नामांकित हेर होते, असे ते सांगत. पुरावा मागितला तर, खऱ्या हेराचा पुरावा मागे राहत नसतो, असे त्यांचे बिनतोड उत्तर होते. त्यांनी कुमेदांना ओल्या फरशीवर पावलांच्या कडांनी चालायला लावले. साबणाच्या पाण्यावरून कुमेदा घसरले, एका अनोळखी गृहस्थाच्या पाठीवर आदळले आणि त्यांनी त्या गृहस्थाची माफी मागितली. "हेर माफी मागत नाही," मास्तर कडाडले. कुमेदांनी त्यांचीही मागितली.

घरी सराव करताना ते ओसरीवरून इतके निःशब्द चालत आले की सूप घेऊन वळलेली सायो त्यांच्यावरच आपटली. सांडलेले सूप पुसता पुसता ती म्हणाली, "अहो, तुमचा तसाही आवाज येत नाही. आणखी किती कमी करणार आहात?" तिच्या बोलण्यात राग नव्हता. तिथे जरा थांबून विचार करावा असे काहीतरी होते. पण कुमेदा त्या वेळी टाचांच्या विचारात होते.

एका रविवारी दुपारी त्यांनी भिंत चढण्याचा प्रयोग केला. भिंत स्वतःच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, अंगणाची निवडली, आणि सवय व्हावी म्हणून तोंडाला निळा पंचा गुंडाळला. वर चढणे अपेक्षेपेक्षा सोपे गेले. उतरण्याचा विचार त्यांनी केलेला नव्हता. ते भिंतीवर आडवे पडून चिंतन करीत असताना चौकीवरचे हवालदार तोनेगावा सायकलवरून खालून निघाले.

"कोणाच्या घरात शिरताय?" हवालदारांनी सायकल टेकवून विचारले.

"माझ्याच," पंच्यातून आवाज आला.

"सगळे असंच म्हणतात."

हवालदारांनी दार वाजवले. वामकुक्षी मोडलेले गिहेई बाहेर आले. त्यांनी मान वर करून भिंतीवरच्या आकृतीकडे पाहिले.

"हा तुमच्या घरचा का?" हवालदारांनी विचारले.

"सायोचा नवरा आहे."

"म्हणजे घरचाच की."

"सायोचा नवरा," गिहेईंनी पुन्हा सांगितले आणि ते आत गेले. हवालदारांनी शिडी आणून दिली. त्या दिवशी खाली उतरताना कुमेदांना भिंतीची उंची चढतानापेक्षा बरीच जास्त वाटली.

अखेर चित्रणाचा दिवस उजाडला. काळे कपडे, काळा बुरखा, पायांत गवती चपला. सात जण एका रांगेत उभे राहिले तेव्हा स्वतः कुमेदांनाही आपण नेमके कोणते हे मोजून पाहावे लागले. त्यांच्या मागे, म्हणजे सर्वांत शेवटी, ओबाता नावाचा एक जुना जाणता नट होता. तो आजवर शेकडो चित्रपटांत मेला होता आणि या चित्रपटात मारायला मिळणार म्हणून थोडा बावरला होता. "पुढचा करील ते करायचं," त्याने कुमेदांना आपल्या कलेचे सार सांगितले. "डोकं वापरलं की घात होतो."

दिग्दर्शकाने बजावले की संधी एकच आहे. महालाच्या सरकत्या दारांवर एका वृद्ध चित्रकाराने सोनेरी ढगांत उडणारे बगळे रंगवले होते. मारेकरी ती दारे फोडणार, त्यांवर रक्त उडणार, आणि तसली दुसरी दारे करण्याइतके पैसे आणि तेवढा चित्रकार दोन्हीही शिल्लक नव्हते. आत गादीवर सरदार झोपला होता; हे काम एक नामांकित, पोटाने मोठे नट करीत होते.

इशारा झाला. सात सावल्या भिंतीवरून अंगणात उतरल्या. शेवाळावरून पावले आली तशी गेली. कुमेदांच्या पावलांचा तर त्यांना स्वतःलाही आवाज आला नाही. पहिला ओसरीवर झेपावला, दुसरा, तिसरा. बगळ्यांची दारे कडाडून फुटली आणि आतून नव्या चटयांचा वास आला.

सगळा घोटाळा त्या वासाने केला. आदल्याच दिवशी अंथरलेल्या हिरव्या गवती चटया, त्यांचा तो ओलसर, गोडसर, घराचा वास. लहानपणी आजारातून उठल्यावर पहिल्यांदा येतो तसला. कुमेदांच्या मनात खून होता, दिवा होता, दिग्दर्शकाची ताकीद होती. पण पाय मनाला विचारून चालत नसतात. पाय ओसरीशी थांबले. कुमेदा टेकले, त्यांनी गवती चपला काढल्या, त्यांची तोंडे अंगणाकडे फिरवली, उजवी जरा पुढे राहिली होती तिला अंगठ्याने मागे सारले, आणि बुरख्याआडून "आत येतोय, त्रासाबद्दल माफी असावी" असे म्हणून ते वाकून महालात शिरले.

मागून ओबाता आला. पुढच्याने चपला काढलेल्या पाहून त्याने कलेचे सार आठवले आणि आपल्याही काढल्या.

आत पोहोचेपर्यंत सरदाराचा खून होऊन गेला होता. कुमेदांनी ठरल्याप्रमाणे दिवा फुंकला. अंधार होण्याआधी त्यांना एवढेच दिसले की मेलेल्या सरदाराचे पोट गदगदत होते. माफीचे वाक्य त्याने ऐकले होते.

दिवे लागले. दिग्दर्शक फाटलेल्या बगळ्यांतून वाट काढीत आला. तो ओरडला असता तर बरे झाले असते.

"तुम्ही खून करायला आला होता," त्याने शांतपणे विचारले, "की चहाला?"

कुमेदा वाकले ते वाकलेलेच राहिले. "चटया नव्या होत्या," ते म्हणाले.

तिथल्या प्रत्येकाच्या पायांना ते पटले होते. डोक्यांना पटण्याची मात्र सोय नव्हती. हाचियाने येऊन कुमेदांच्या खांद्यावर हात ठेवला, तो सांत्वनासाठी होता. पण कुमेदांना क्षणभर वाटले, कोट अडकवतो आहे.

घरी ते "झालं" एवढेच म्हणाले. सायोने फार विचारले नाही. गिहेईंनी विचारले की दिसाल का, आणि कुमेदा म्हणाले, बहुधा नाही. हे त्यांनी इतक्या खात्रीने सांगितले की गिहेईंनी वर पाहिले. तो तुकडा कापला जाणार, याविषयी कुमेदांना शंका नव्हती. रात्रीच्या जेवणानंतर ते ओसरीत बसत, अंगणातल्या त्या भिंतीकडे पाहत, आणि आपण एकदाच दिसायला निघालो होतो तेव्हा नेमके काय दिसले, या विचाराने त्यांचे कान काळोखात तापत. माणसाला आयुष्यात एकदा मारेकरी होण्याची संधी मिळावी, आणि त्याने पाहुणा व्हावे.

चित्रपट लागला तेव्हा गल्लीच्या मंडळाने सगळ्यांसाठी मिळून रविवारची तिकिटे काढली. सूचनांची फळी पुन्हा फिरली. कुमेदांनी आजारी पडून पाहिले. सुगेनुमा मास्तर पाठीवर जळत्या पाल्याच्या गोळ्या ठेवून इलाज करायला आले, तेव्हा ते तत्काळ बरे झाले. विभागप्रमुख अकुत्सुसुद्धा आले होते. ते कचेरीच्या वतीने, लक्ष ठेवायला.

चित्रपटगृह भरले होते. ओरिकुकाकूंनी गोड बोरांची पुडी सगळ्यांत फिरवली. पडद्यावर पहिला निंजा दिसताच गिहेई म्हणाले, "हे तुम्ही का, जावईबापू?" नाही. दुसरा आला. "मग हे?" तेही नाही. चौथ्यानंतर गिहेईंनी विचारणे सोडून दिले आणि ते चित्रपट पाहू लागले. ते विचारणे कुमेदांना जितके बोचले नव्हते तितके ते सोडून देणे बोचले. विहिरीचा प्रसंग आला तेव्हा पुढच्या रांगेत अकुत्सुंनी बोटांवर मोजले, सहाच भरले, आणि मागे वळून त्यांनी कुमेदांकडे समाधानाने मान हलवली.

मग ते अंगण आले. चंद्रप्रकाश, शेवाळ, भिंतीवरून निसटणाऱ्या सात सावल्या. कुमेदांनी डोळे मिटले. आता कात्री लागेल, आता थेट अंधार होईल. दारे फुटल्याचा आवाज आला. आणि मग आवाजच येईना. त्यांनी एक डोळा उघडला.

पडद्यावर शेवटून दुसरा मारेकरी ओसरीशी थांबला होता. तो टेकला. त्याने चपला काढल्या.

कोणी हसले नाही. त्याने चपलांची तोंडे फिरवली. उजवी चप्पल अंगठ्याने किंचित मागे सारली. सायोने अंधारात नवऱ्याच्या बाहीचे टोक धरले. आणि त्या थिजलेल्या शांततेत, पडद्यावरून नजर न काढता, गिहेई सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"हा आमच्या घरचा."

पुढच्याच क्षणी आतून सरदाराची किंकाळी आली. पण पडद्यावर दिसत राहिल्या त्या फक्त नीट मांडलेल्या गवती चपला, अगदी जवळून, कितीतरी वेळ. दिग्दर्शकाने तेवढा तुकडा मागाहून मुद्दाम घेतला असावा. प्रेक्षकांत कोणीतरी दीर्घ श्वास सोडला. कुमेदांना मात्र यातले काही नीट दिसले नाही. त्यांच्या डोळ्यांना त्या वेळी गळती लागली होती, आणि ती तपासायला कचेरीने कोणाला नेमलेले नव्हते.

बाहेर आल्यावर सुगेनुमा मास्तरांनी चित्रपटगृहाच्या पायरीवर उभे राहून त्या चपलांचा अर्थ विशद केला. मारेकरी परत येणार नाही हे त्याला ठाऊक आहे, तरीही तो चपला परतीच्या दिशेने ठेवतो. यात मृत्यूपुढची नम्रता आहे, जगण्याची आशा आहे, कोगाच्या गुप्त विद्येतला एक संकेतही आहे. लोक माना डोलवत होते. ओरिकुकाकूंनी कुमेदांना विचारले की हे सगळं तुम्हाला आधीच सांगितलं होतं का. कुमेदा म्हणाले, चटया नव्या होत्या. हे वाक्य मास्तरांना फारच खोल वाटले आणि त्यांनी ते पुढच्या व्याख्यानासाठी मनात टिपून घेतले.

तिघे चालत घरापर्यंत आले. गल्लीत कोणाच्या तरी चुलीवर मासा भाजला जात होता. सायोने दार सरकवले, ती आणि गिहेई आत गेले. मागून कुमेदा शिरले, वाकले, आणि सवयीने पुटपुटले, "आत येतोय, त्रासाबद्दल माफी असावी."

गिहेई दाराच्या आतल्या पायरीवर उभे होते. ते वळले.

"हे मारेकऱ्याला शोभतं," ते म्हणाले. "घरच्या माणसाला नाही. शुझो, बाहेर जा. पुन्हा ये."

कुमेदांनी सायोकडे पाहिले. ती तोंडावर बाही धरून दुसरीकडे पाहत होती. ते बाहेर गेले. त्यांनी दार ओढून घेतले आणि गल्लीत, पाटीवरच्या नावासमोर, ते काही वेळ उभे राहिले. समोरून तोनेगावा हवालदार सायकलवरून चालले होते. त्यांनी कुमेदांना ओळखून सलाम ठोकला आणि ते पुढे गेले. घसा खाकरून कुमेदांनी दार सरकवले.

"आलो," ते म्हणाले.

गिहेईंनी डोळे बारीक करून त्यांना आपादमस्तक न्याहाळले, जसे एकेकाळी ते मागावरून उतरवलेले रेशीम न्याहाळीत असत.

"आवाज कमी पडला," ते म्हणाले. "पण ठेवून घेऊ."